हॉल बुक करण्याआधी: कॅथलिक-मुस्लिम लग्नाची तयारी कशी करावी

माझ्याकडे येणारी जोडी बहुतेक वेळा हॉल बुक करूनच येते. केटरर ठरलेला असतो, पत्रिकेचा नमुना मोबाइलमध्ये तयार असतो, आणि मग सावकाश विचारतात, "मॅडम, कोर्टाचं काम किती दिवसांत आटपेल?" मी वसईची, घरची कॅथलिक, वसई कोर्टात वकिली करते. आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या मुलामुलींचं शिबिर भरतं, त्यात कायद्याचा तास माझ्याकडे असतो. वसई, नालासोपारा, मीरा रोड हा पट्टाच असा की चर्चची घंटा आणि अजान एकाच गॅलरीत ऐकू येतात. एका कॉलेजात शिकलेली, एका लोकलने ये-जा करणारी मुलं एकमेकांना पसंत करतात, घरचे काही महिने अबोला धरतात, मग कुणीतरी माझा नंबर देतं.

खाली लिहिलंय ते मुख्यतः मुलगी कॅथलिक आणि मुलगा मुसलमान अशा जोडीसाठी, कारण माझ्याकडे तीच जास्त येतात. उलट असेल तर पुढे वेगळं सांगितलं आहे. माझा आग्रह एकच आहे: चर्च आणि मशीद यांच्या दारात जाण्याआधी कायद्याचा रस्ता पक्का करा. तिथे जे जे अडतं, त्यातलं बरंचसं या रस्त्यावर सुटतं.

दोन्ही घरांत लग्नाकडे कसं बघतात

पहिलं काम कागदाचं नाही, बसून बोलायचं आहे. एका सुट्टीच्या दिवशी दोघांनी समोरासमोर बसून आपापल्या घरी लग्नाला काय समजतात ते एकमेकांना सांगा.

कॅथलिक घरात लग्न म्हणजे देवासमोर घेतलेलं वचन, आणि ते मरेपर्यंत सुटत नाही. १९८३ च्या चर्चच्या धर्मसंहितेत एकता आणि अभंगता ही लग्नाची लक्षणंच मानली आहेत. चर्चच्या लेखी घटस्फोट नसतो. चर्चचं न्यायमंडळ फार तर असं म्हणू शकतं की हे लग्न मुळात झालंच नव्हतं, म्हणजे संमती खरी नव्हती, काही लपवलं होतं, कुणावर जबरदस्ती होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया पुष्कळ सोपी केली, तत्त्व तेच राहिलं.

मुसलमान घरात निकाह हा करार. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने त्याच बैठकीत कबूल करायचं, साक्षीदार हवेत, मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ठरलेला हवा. करार पवित्र आहे, पण करारच आहे, म्हणून त्यात अटी घालता येतात आणि तो मोडायची वाटही आहे. ती वाट नापसंत मानली जाते, तरी बंद नाही. बायकोला 'खुला', म्हणजे तिच्या बाजूने घटस्फोट, मागता येतो. निकाहनाम्यात तशी अट लिहिली असेल तर तलाकचा अधिकार तिच्याकडेही सोपवता येतो. ही अट लिहिता येते, हे मी सांगेपर्यंत कित्येक मुसलमान मुलींनासुद्धा ठाऊक नसतं.

यातून गैरसमज होतात ते दोन्हीकडे सारखेच पक्के असतात. मुलीची मावशी म्हणते, त्यांच्यात काय, तीनदा बोलला की संपलं. मुलाचे काका म्हणतात, यांच्यात नवऱ्याने मारलं तरी सुटका नाही. दोघांनाही जुनी माहिती आहे. एका दमातला तीन तलाक सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरवला, आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. त्या आधी कितीतरी वर्षं, १८ एप्रिल १९६६ ला, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन याच प्रश्नावर मुंबईत मोर्चा काढून गेले होते. ख्रिस्ती बायकांची गोष्ट काही फार चांगली नव्हती. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं, पण बायकोला व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने हा भेद मोडीत काढला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मी हे शिबिरात सांगते तेव्हा आमच्याच लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि एक गोष्ट जिला लोक हमखास फसतात: चर्चने लग्न रद्दबातल ठरवलं म्हणजे कायद्याने घटस्फोट झाला, असं होत नाही. सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितलं आहे. तुमच्यापैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर बिशप हाउसचा कागद पुरणार नाही. कोर्टाची डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, घेऊन या.

कायद्याचा रस्ता

आता कामाचं. मुलगा म्हणेल, "कुराणातच परवानगी आहे, मुसलमान पुरुषाला ख्रिस्ती किंवा यहुदी बाईशी लग्न करता येतं, तिने धर्म बदलायची गरज नाही." बरोबर आहे, सूरह माइदामध्ये तसं आहे. (काही काझी तरीही कलमा पढल्याशिवाय निकाह लावत नाहीत, तो भाग वेगळा.) पण भारतात १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे. त्याचं कलम ४ सांगतं की जोडीतलं एक जरी ख्रिस्ती असेल तरी लग्न याच कायद्याप्रमाणे लागलं पाहिजे, नाहीतर ते व्यर्थ. म्हणजे धर्म न बदललेल्या ख्रिस्ती मुलीचा नुसता निकाह शरियतने चालेल, आपल्या कायद्यापुढे मात्र लंगडा पडेल. नवरा चांगला निघाला तर कुणाला कळणारही नाही. बिनसलं, किंवा तो अपघातात गेला, की पहिला प्रश्न विचारला जाईल: ही त्याची बायको आहे का?

मुलीने धर्म बदलला तर निकाह कायदेशीर ठरतो. तिला मनापासून इस्लाम स्वीकारायचा असेल तर तो तिचा हक्क आहे, माझं काही म्हणणं नाही. पण "फक्त कागदापुरतं" म्हणून कलमा पढायला माझा सक्त विरोध आहे. कागदापुरता बदललेला धर्म पुढे वारसाला लागतो, मुलांच्या दाखल्याला लागतो, कबरस्तानालाही लागतो.

सरळ वाट आहे १९५४ चा विशेष विवाह कायदा. धर्म बदलायचा नाही, दोघांनी आहेत तसं राहायचं.

पद्धत अशी. जोडीतलं एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि आधीचं लग्न असेल तर डिक्री किंवा मृत्यूचा दाखला लागतो. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची पूर्ण हवी. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि ३० दिवस हरकतीची वाट बघतात. हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कारणं मोजकीच आहेत: आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, मानसिक स्थिती संमती देण्याजोगी नाही, निषिद्ध नातं आहे. "धर्म वेगळा आहे" ही हरकत होऊ शकत नाही, घेणारा कितीही मोठा पुढारी असो.

इथे एक बारकावा आहे. मुलगा वसईत भाड्याने राहतो, पण कायमचा पत्ता श्रीवर्धनचा आहे, तर नोटिशीची प्रत रायगडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही फलकावर लागते. तिथून गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. म्हणून घरी सांगायचं असेल तर नोटिशीच्या आधी सांगा. आईबापांना जमातीतल्या कुणाकडून कळलं की नंतर समजूत घालणं दसपट अवघड होतं.

तारखेचा हिशेबही करा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यातले पहिले ३० दिवस वाट बघण्यात जातात. हॉलची तारीख उरलेल्या जवळजवळ दोन महिन्यांत बसली पाहिजे, आणि म्हणूनच हॉल आधी बुक करू नका म्हणते. शिवाय आमच्या उपवासकाळात लग्नं टाळतात, रमजानमध्ये त्यांच्यात टाळतात. २०२६ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि रमजानची सुरुवात फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात आली, त्यामुळे जोडप्यांना दोन्ही काळ बरेचसे एकत्रच सोडता आले. दरवर्षी इतकं सोयीचं नसतं.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोघांनी अधिकाऱ्यासमोर आपल्याला समजेल त्या भाषेत, मराठीतही, "मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो", "पती म्हणून स्वीकारते" असं म्हणायचं. जादा फी भरून वाजवी अंतरावर असेल तर अधिकारी हॉलमध्येही येऊ शकतात. दोन्हीकडचे वडीलधारे हे डोळ्यांनी बघतात तेव्हा "कोर्टात पळून जाऊन" हा शब्द आपोआप गळतो. मुलाकडच्यांना तर दोघांची कबुली आणि साक्षीदार हे सगळं ओळखीचंच वाटतं.

वारसा: जो प्रश्न कुणी विचारत नाही

समजा, तुम्ही चर्चमध्ये लग्न लावलं. १८७२ च्या कायद्याने ते वैध आहे. मुलगा मुसलमानच राहिला. वीस वर्षांनी तो मृत्युपत्र न करता गेला. त्याच्या मिळकतीला मुस्लिम वारसा कायदा लागेल, आणि त्या कायद्यात बिगरमुसलमान बायकोला हिस्सा नाही. मुलांचा बाप्तिस्मा झालेला असेल तर त्यांच्याही वारसावर बोट ठेवायला चुलत्यांना जागा मिळते. मृत्युपत्र केलं तरी एक तृतीयांशाच्या पुढे त्याचा हात पोचत नाही.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम २१ मुळे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही, धर्माचा सवाल नाही. पूर्ण मिळकतीचं मृत्युपत्रही करता येतं. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना, दोघंही मुसलमान, निकाह १९९४ चा. तिन्ही मुलीच असल्याने आपल्या मिळकतीत भावांचा वाटा पडू नये म्हणून त्यांनी ८ मार्च २०२३ ला याच कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं. दोघांचा धर्म एक असताना त्यांना हे करावंसं वाटलं. तुमचे तर दोन आहेत.

चर्चचं लग्न आधीच झालं असेल तरी घाबरू नका. कलम १५ खाली त्याची नोंद नंतर करता येते. दोघांचं वय २१ पूर्ण हवं, पुन्हा ३० दिवसांची नोटीस लागते. या कायद्याखाली आल्यावर नवऱ्याला दुसरी बायको करता येत नाही, केली तर गुन्हा. वेगळं व्हायचं तर तोंडी तलाक चालत नाही, कोर्टातच यावं लागतं. मुलीच्या बापाला मी हेच वाक्य सांगते आणि त्याचा आवाज दोन पट्ट्या खाली येतो.

गोव्याचे असाल तर सगळंच वेगळं. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे सर्व धर्मांना सिव्हिल नोंदणी करावी लागते, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर मिळकत नवराबायकोची सामाईक होते. गोव्याच्याच वकिलाला विचारा.

पॅरिशच्या ऑफिसात

कॅथलिक मुलीने बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी बिशपांच्या परवानगीशिवाय लग्न केलं तर चर्च ते लग्न मानत नाही. या परवानगीला डिस्पेन्सेशन म्हणतात, ती आपल्या पॅरिश प्रीस्टमार्फत, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या फादरांमार्फत, मागायची. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, लग्नाला मोकळी असल्याचा दाखला, शिबिराचं प्रमाणपत्र जोडायचं. वेळ लागतो, निदान तीन-चार महिने हातात ठेवा.

या अर्जातला कळीचा भाग म्हणजे वचन. कॅथलिक जोडीदाराने दोन गोष्टी कबूल करायच्या: मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा होऊन ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सर्व करीन. १९७० पर्यंत दुसऱ्या जोडीदारालाही हमी द्यावी लागे. आता त्याला फक्त माहिती द्यायची असते.

मी एका जोडीबरोबर बसले होते तेव्हा फादरांनी हे वाचून दाखवलं. मुलगा पनवेलकडचा, इंजिनिअर. त्याने विचारलं, "यावर माझी सही कुठे?"

"तुमची सही नाही. तुम्ही ऐकलंत, अशी नोंद मी करतो."

"पण आमच्यात मुलं बापाच्या धर्माची."

"ठाऊक आहे मला."

मुलीने पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. फादरांनी घाई केली नाही. फॉर्म ड्रॉवरमध्ये परत ठेवला आणि म्हणाले, "दोघं बाहेर बाकावर बसून बोला. आज नाही झालं तर पुढच्या आठवड्यात या." ते पुढच्या महिन्यात आले. त्यांनी काय ठरवलं ते त्यांचं खासगी, पण ठरवून आले होते, आणि मला तेच हवं होतं. "होईल ते सर्व करीन" यात किती मावतं, हे फादरांनाच मोकळेपणाने विचारा. आमचे पुष्कळसे फादर याबाबतीत समजूतदार आहेत.

विधीचं म्हणाल तर मिस्साविना, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या मुख्य उपासनेशिवाय, शास्त्रपाठ आणि प्रार्थना असलेलं लग्न चर्चमध्ये लागतं. बिशप चर्चबाहेरच्या योग्य जागीही परवानगी देऊ शकतात. अडचण मोठी असेल तर चर्चच्या विधीतूनच सूट मिळते: लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं आणि चर्च ते मान्य करतं. ही वाट फार कमी लोकांना माहीत असते. मुलाकडच्यांना चर्चमध्ये पाऊल ठेवणं जड जात असेल तर हिच्याबद्दल जरूर विचारा.

सकाळी चर्च, संध्याकाळी निकाह हा बेत मात्र डोक्यातून काढा. एकाच लग्नासाठी दुसऱ्या धर्माच्या विधीत पुन्हा संमती द्यायला धर्मसंहितेची मनाई आहे. गुपचूप दोन्ही उरकणारे मला माहीत आहेत. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात आणि फादरांना कळतंच. मुलाच्या घरच्यांनी रिसेप्शनला दुआ मागितली तर कुणाची हरकत नसते, तेवढ्यावर तडजोड बसवा.

नगर-पुण्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींत ही बिशपांच्या सुटीची रीत नाही, तिथे आपल्या पाळकसाहेबांनाच विचारावं लागेल.

मेहर

निकाह होवो न होवो, मुलाकडचे मेहरचा विषय काढतातच, आणि आमच्याकडची माणसं तिथेच बिथरतात. एका घरी, ओटीवर, चहा झाल्यावर म्हसळ्याहून आलेल्या चाचांनी विचारलं, "मेहर किती धरायचा?" मुलीचे वडील ताडकन उठले. "आम्ही पोरीचा भाव करत नाही."

चाचा शांतपणे म्हणाले, "भाव कसला, भाऊ? ही रक्कम तुमच्या हातात येणारच नाही. मुलीची ती. नवऱ्याने हात लावायचा नाही, सासऱ्याने विचारायचं नाही."

आतून सगळं ऐकत बसलेली मुलीची आजी बाहेर आली. "फक्त तिची?"

"फक्त तिची."

"मग आमच्या वेळेला कुणी का नाही काढलं असलं काही," असं म्हणून ती पुन्हा आत गेली. पुढची बोलणी अर्ध्या तासात संपली.

हुंडा प्रतिबंधक कायद्याने, तो १९६१ चा, मेहरला हुंड्यातून वगळलं आहे, त्यामुळे भीती नको. माझा सल्ला एवढा की मेहर उधार ठेवू नका. "नंतर देऊ" असा लिहिलेला मेहर विशेष विवाह कायद्याच्या लग्नात कोर्टात वसूल करायचा म्हटला तर वकिलांची चंगळ होते. सोनं घ्या किंवा तिच्या एकटीच्या खात्यात ठेव करा, पावती तिच्याकडे.

आपसात ठरवायचं ते

मुलांचा धर्म हा पहिला विषय. "मोठी झाली की ती ठरवतील" हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण मूल जन्मल्यावर दोनेक महिन्यांत एक आजी बाप्तिस्म्याचं विचारते आणि दुसरी अकीक्याचं, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरच्या कुर्बानीचं. मुलगा झाला तर सुंतेचाही प्रश्न येतो. तेव्हा काय म्हणायचं ते आता ठरवा, आणि दोन्ही आज्यांना एकच उत्तर द्या. शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तिथे काय लिहायचं हेही.

मुलं कधी आणि किती, यात गंमत अशी की लोकांच्या समजुतीच्या अगदी उलट चित्र आहे. १९६८ च्या विश्वपत्रापासून, म्हणजे पोपच्या जाहीर पत्रापासून, कॅथलिक चर्चची भूमिका कायम आहे: नैसर्गिक पद्धत सोडून गर्भनिरोधन नको. टेस्ट ट्यूबही चर्चला मंजूर नाही. (वसईत घरोघरी दोनच मुलं दिसतात, त्यामुळे किती पाळतात ते सांगायला नको.) मुसलमानांतले बहुतेक फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, दोघांच्या संमतीने तात्पुरतं गर्भनिरोधन चालवून घेतात. नवराबायकोचंच बीज असेल तर टेस्ट ट्यूबलाही सुन्नी आलिमांची सहसा हरकत नसते, परक्याचं बीज मात्र नको. दत्तकाबाबत पुन्हा उलट. आमच्याकडे दत्तक मूल आपलंच मानतात. इस्लाममध्ये अनाथाला सांभाळणं पुण्याचं, पण त्याला आपलं नाव आणि वंश देणं नाही. कायद्याचं विचाराल तर बालन्याय कायद्याखाली, आता २०१५ चा, कुठल्याही धर्माच्या जोडप्याला दत्तक घेता येतं, सुप्रीम कोर्टानेही २०१४ मध्ये ते मान्य केलं आहे.

लग्नाआधी एकत्र राहणं दोन्ही धर्मांना सारखंच नामंजूर. इथे दोन्ही घरचे पहिल्यांदा एकमताने बोलताना मी पाहिलेत.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही. घरात डुकराचं मटण आणि दारू येणार की नाही, रमजानमध्ये पहाटे सहरीला कोण उठणार, नाताळात करंज्या कुणाच्या घरी. हे तुम्ही दोघं माझ्यापेक्षा बरं ठरवाल. रिसेप्शनचं जेवण मात्र सरसकट हलाल ठेवा. आमच्या पाहुण्यांना काही फरक पडत नाही, त्यांच्या पाहुण्यांना पडतो. टोस्ट करायचाच असेल तर द्राक्षाच्या रसाने करा, एखादा अंकल कुरकुरेल.

नोकरीबद्दल एक. इस्लामी कायद्यात बायकोचा खर्च नवऱ्यावर, तिची कमाई तिची. कॅथलिक घरात सगळं एकत्र अशी सवय असते. मुलगी म्हणते "आपलं घराचं कर्ज", मुलगा म्हणतो "तू का भरतेस, माझं काम आहे ते". दोघंही प्रेमानेच बोलतात आणि तरी भांडतात. कर्जावर दोघांची नावं असतील तर फ्लॅटच्या करारावरही दोघांची घाला.

मुलगी मुसलमान, मुलगा ख्रिस्ती असेल तर

पारंपरिक शरियतमध्ये याला परवानगी नाही. ट्युनिशियाने २०१७ मध्ये बंदी उठवली, तो अपवाद. आपल्याकडे निकाह होणार नाही. नुसत्या चर्चच्या लग्नालाही धोका आहे, कारण १८७२ च्या कायद्याचं कलम ८८ सांगतं की एखाद्याच्या व्यक्तिगत कायद्याने निषिद्ध असलेलं लग्न या कायद्याने वैध होत नाही. कॅथलिक मुलाला बिशपांची सूट मिळू शकते, तरी विशेष विवाह कायदा इथे सक्तीचा समजा. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, त्यांच्यात मुलीच्या लग्नाला वलीची, म्हणजे बापाची किंवा त्याच्या जागी असलेल्या पुरुषाची, संमती लागते. त्यामुळे बाप नाही म्हणाला की मुलीला आपण धर्म मोडला असं वाटत राहतं. तिला वेळ द्या. बाजूने बोलणारी एक फुफी किंवा मामा शोधा, असतोच कुणीतरी. धमक्या येऊ लागल्या तर थांबू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा ठेवायला सांगितलं आहे. लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.

लग्नानंतरच्या महिन्यात

दोघांनी मृत्युपत्र करा. लग्नाआधीचं असेल तर नव्याने करा, कारण वारसा कायद्याप्रमाणे लग्नाने जुनं मृत्युपत्र रद्द होतं. बँक, पीएफ, विमा यांवरचं नामनिर्देशन बदला. दफनाचं अवघड असलं तरी बोलून घ्या: आमचं सिमेटरी वेगळं, त्यांचं कबरस्तान वेगळं, आणि कुणाला कुठे न्यायचं हे ऐन वेळी दीर-मेहुण्यांवर सोडू नये. एका पानावर लिहून दोघांनी सही करा.

आणि विवाह अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेताना नावं तिथेच उभ्या उभ्या तपासा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, हे आमच्या आडनावांचं दुखणंच आहे. डिमेलोच्या (D'Mello) इंग्रजी स्पेलिंगमधला तो वरचा स्वल्पविराम एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि दुबईच्या व्हिसाला नेमका तोच आडवा येतो. निघताना तीन-चार प्रमाणित प्रती मागून घ्या.